चौदा खुंट्या, चौदा कोट

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे. घराच्या दरवाजाला नावाची पाटी असते, बेल असते, कान लावून ऐकणारी माणसे असतात. मी फळांच्या कोल्ड स्टोरेजचा दरवाजा. माझ्या एका अंगाला बाराही महिने दोन अंश, आणि दुसऱ्या अंगाला जो काही ऋतू चालू असेल तो. तेव्हा मित्रांनो, माझे निम्मे अंग जन्मभर कुडकुडत आले आहे आणि निम्मे घामेजत. माणसांमध्ये याला ताप म्हणतात. आमच्यात याला नोकरी म्हणतात.

माझा देह म्हणजे दोन जाड पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीतभर बूच. पत्रे एका कारागिराने ठोकले, चौकट दुसऱ्याने केली. त्या दोघांचे आपसांत पटत नसे, म्हणून मी खालच्या कोपऱ्यात किंचित तिरका आहे. जन्मदात्यांच्या भांडणाची खूण अंगावर बाळगणारे जगात पुष्कळ असतात. माझी निदान रबरी पट्टीखाली झाकली जाते.

मला इथे बसवले त्या दिवशी पत्रेवाल्याने आत एक गजराचे घड्याळ ठेवले, मला लावले आणि बाहेरून कान टेकवला. आत घड्याळ जीव तोडून ओरडत होते. बाहेर ढिम्म. पत्रेवाला खूश झाला. म्हणाला, "आत वाघ कोंडला तरी कळायचं नाही." मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. तिचे ओझे मी अजून वागवतो आहे.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. मालक पाहुण्यांना घेऊन येत आणि फळांच्या आधी मला दाखवत. एका बोटाने ढकलून पाहा म्हणत. पाहुणे ढकलून पाहत आणि 'वा' म्हणत. दर महिन्याला माझ्या बिजागऱ्यांना तेल मिळे. मग मालकांनी नवा ट्रक घेतला, आणि 'वा' ट्रककडे गेली. तेल तीन महिन्यांनी येऊ लागले, मग सहा महिन्यांनी, मग मी ओरडलो तर. मी ओरडायला शिकलो. पण जो रोज ओरडतो त्याचे ओरडणे म्हणजे त्याचा स्वभाव, असे माणसे ठरवून टाकतात आणि कामाला लागतात.

माझ्या आतल्या अंगाला एक खटका होता. तो दाबला की मी आतून उघडत असे. कुणी चुकून आत राहिलेच तर त्याने खटका दाबावा आणि बाहेर यावे, इतकी साधी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एका पेटीचा कोपरा लागून तो मोडला. दुरुस्तीचा अर्ज झाला. अर्जावर चार सह्या लागत. त्यातल्या तीन सह्या आठवड्याभरात मिळाल्या. चौथी मालकांच्या थोरल्या भावाची होती, आणि नेमके त्याच सुमारास दोघा भावांचे बोलणे बंद झाले. अर्ज अजून ऑफिसात आहे. त्याच्यावर चहाचा कप ठेवतात.

खटका होईना, म्हणून मुकादमाने युक्ती काढली. मुकादम हा नियमाचा माणूस. वाऱ्यालाही रांगेत या म्हणेल असा. त्याने माझ्या समोरच्या भिंतीवर चौदा खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर चौदा जाड कोट टांगले, माणशी एक. आत जाताना आपला कोट घालायचा, बाहेर आल्यावर आपल्याच खुंटीला लावायचा. दुसऱ्याच्या कोटाला हात लावला तर दंड. सुट्टीची घंटा झाली की मुकादम प्रत्येक कोटाला बोट लावून मोजायचा. चौदा भरले म्हणजे आत कुणी नाही, मग कुलूप. शनिवारी कुलपाच्या जोडीला मालकांच्या सहीची एक कागदी पट्टी माझ्यावर चिकटायची, कारण मागे एकदा काही पेट्या सुट्टीतच पाय फुटून गेल्या होत्या. ती पट्टी सोमवारी सकाळी सातला मालकांनीच फाडायची. दुसऱ्या कुणी फाडली तर त्याने दुसरीकडे काम बघायचे.

युक्ती चांगली होती, मी तिला नावे ठेवणार नाही. तिच्यात एकच गोम होती. ती कोट मोजत होती.

नऊ नंबरचा कोट मावशीचा. मावशी फळे निवडायची. चांगले इकडे, डागाळलेले तिकडे. अकरा वर्षांत तिच्या हातून इतकी सफरचंदे गेली होती की ती माणसांकडेही तशीच बघायची, जरा फिरवून. फरक एवढाच की माणसांच्या बाबतीत ती डागाळलेलेही चांगल्याच्या पेटीत टाकायची. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा दूर कामाला गेला होता. आधी त्याची पत्रे येत, मग आठ महिने एकही नाही. घरात ती आणि सून, आणि सुनेचे शिवणाचे मशीन. सून तोंडाने तिखट. मावशीने मुलासाठी हात जोडले की सून मशीन न थांबवता म्हणायची, "देवाला सांगून पत्र येत नसतं आई, त्याला तिकीट लागतं." हे मावशीच हसत हसत बाकीच्या बायकांना सांगायची. हसणे झाल्यावर मात्र तिचा हात बराच वेळ एकाच सफरचंदावर राहायचा.

दोन गल्ल्यांपलीकडे एक लहानसे चर्च होते. त्याची किल्ली मावशीकडे असे. शनिवारी कामावरून सुटले की ती घरी न जाता आधी तिकडे जायची, झाडून काढायची, बाके पुसायची आणि पाच वाजता गाण्याच्या सरावाला येणाऱ्या मंडळींसाठी दार उघडून बसायची. हे मी पाहिलेले नाही, ऐकले आहे. मी पाहिले ते वेगळेच. मावशी प्रार्थनेला माझ्या आत यायची.

हसू नका मित्रांनो. बाईने विचार करूनच जागा निवडली होती. घरी मशीन. कामावर बायकांच्या गप्पा. चर्चमध्ये निवांत बसावे तर कुणीतरी शेजारी येऊन आपल्या गुडघ्याची हकिकत सांगणार. सगळ्या गावात बिनगुडघ्याची शांतता फक्त माझ्या आत होती, दोन अंशांवर. सुट्टीच्या घंटेआधी दहा मिनिटे ती शेवटच्या रांगेमागे जाऊन उभी राहायची, डोळे मिटायची आणि नावे घ्यायची. पहिले नाव मुलाचे. मग सून, मग शेजारीपाजारी, चर्चचे पाळक, आजारी माणसे, बेपत्ता माणसे. एकदा यादीत आलेले नाव ती काढत नसे. मला वाटे, देवाकडेही मुकादमासारखी रोज हजेरी लागते की काय.

सहा नंबरचा कोट मौनीबाबाचा. हे त्याचे नाव नव्हे, हुद्दा होता. तो पेट्या उचलायचा आणि दिवसातून चार शब्द बोलायचा. लोक त्याला मोठा विचारी समजत. मुकादम तर इतरांना त्याचा दाखला द्यायचा. खरी गोष्ट अशी की तो बोलायला लागला की त्याला खोकला यायचा. आणि मालकांचा सक्त हुकूम होता की खोकणारा माणूस फळांजवळ दिसला तर त्याच दिवशी घरी. म्हणून हा बिचारा ओठ शिवून काम करायचा आणि जनरेटरच्या मागे जाऊन पोटभर खोकून यायचा.

त्याच्या कोटाची पाठ उसवून आतला कापूस बाहेर आला होता. नवे कोट पुढच्या वर्षी मिळणार होते. खोकला पुढच्या वर्षापर्यंत थांबायला तयार नव्हता. मावशीने एक दिवस आपला कोट त्याच्या हातात दिला.

"माझा घाल. मी आत कितीशी जाते? दहा मिनिटं."

तो नको म्हणायला गेला आणि खोकला. वाद तिथेच संपला.

त्या दिवसापासून नऊचा कोट मौनी घालायचा, सहाचा कोट फाटकी पाठ भिंतीकडे करून दिवसभर खुंटीवर लोंबायचा, आणि मावशी आत यायची ती दोन स्वेटर आणि एक शाल घेऊन. म्हणजे कोटाशिवाय. मुकादम तिकडे वजनकाट्यापाशी बसलेला असायचा, आणि सगळे कोट दिसायला एकसारखे. मला हे ठाऊक होते. पण दरवाजाला कुणी साक्षीला बोलावत नाही.

आता त्या शनिवारची गोष्ट. मालकांना बाहेरगावी लग्नाला जायचे होते, म्हणून दोनची घंटा पाच मिनिटे आधीच वाजली. मावशी नुकतीच शेवटच्या रांगेमागे गेली होती. आत पंख्यांचा आवाज, तिचे डोळे मिटलेले. घंटा तिला ऐकू आली नाही. बाहेर माणसे घाईने कोट लटकवून निघाली. मौनीने नऊचा कोट नऊच्या खुंटीला लावला. मावशी पुढे चर्चला गेली असणार, असे त्याला वाटले, कारण दर शनिवारी ती पुढेच गेलेली असे.

मुकादमाने बोट लावून मोजले. चौदा. आत डोकावणे त्याला कधीच पटत नसे. तेवढ्यात थंडी जाते. त्याने बाहेरचे बटण दाबून आतला दिवा घालवला आणि मला ढकलले.

मी लागलो. अगदी अलगद, बिनआवाज लागलो. मी चांगला दरवाजा आहे.

मालकांनी पट्टीवर सही केली, ती माझ्यावर चिकटवली, आणि गाडीत बसून निघून गेले.

मित्रांनो, मला त्या दिवसापासून एक गोष्ट सलते आहे. तिने कोट दिला नसता तर ती मोजणीत सापडली असती. प्रार्थनेला थांबली नसती तर केव्हाच बाहेर पडली असती. एखाद्या आपमतलबी माणसावर ही वेळ आलीच नसती. तो आपल्या कोटात, आपल्या वेळेवर, आपल्या घरी. ह्या कोड्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. मी फक्त पुढे काय झाले ते सांगू शकतो.

वीज गेली असेल असे तिला आधी वाटले. मग पंखे चालूच आहेत हे ध्यानात आले. पेट्यांना हात लावत लावत ती माझ्यापाशी आली. तिने मला ढकलले. मोडका खटका चाचपला. मग हाका मारल्या, आधी मुकादमाला, मग नावे घेऊन एकेकाला. एका पेटीची फळी सोडवून तिने माझ्यावर ठोके घालायला सुरुवात केली. ते ठोके मी आजही मोजू शकतो. एकेक ठोका माझ्या पत्र्यातून आत शिरायचा, बुचात रुतायचा आणि तिथेच मरायचा. बाहेर भिंतीवर चौदा कोट शांत लोंबत होते. आयुष्यात कधी नव्हे ते मला वाटले, त्या पत्रेवाल्याने थोडे वाईट काम केले असते तर किती बरे झाले असते.

तासाभराने फळी गळून पडली. तिने बोटांवर मोजले आणि मोठ्याने आकडा सांगितला. सोमवार सातला अजून चाळीस तास होते.

मग ती चिडली. माझ्यावर नाही.

"अकरा वर्षं तुझ्या दाराची किल्ली सांभाळते मी," ती अंधारात म्हणाली. "अकरा वर्षांत तुझं दार एकदा उशिरा उघडलं नाही. आणि माझ्यावर हे लावतोस?"

उत्तर आले नाही. मीही अगदी लक्ष देऊन ऐकत होतो. पंखे फिरत राहिले. ती एका पालथ्या पेटीवर बसली. शाल डोक्यावरून घेतली, हात काखेत घातले. थोडा वेळ दात वाजण्याचा आवाज येत होता. मग तो कमी झाला. तुम्हाला वाटेल, बरे झाले. मला तसे वाटले नाही. मागे एकदा एक मांजर असेच आत राहिले होते. तेही आधी खूप ओरडले, मग बसले, मग गप्प झाले.

मी ओरडायला शिकलेला दरवाजा, पण मिटलेल्या दरवाजाला ओरडताही येत नाही. बिजागरी हलली तर आवाज. माझ्याकडे तिला जागे ठेवण्यासारखे काहीएक नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग अंधारातून तिचा आवाज आला, जडावलेला, झोपेत बोलल्यासारखा.

"तू आहेस ना इथं?"

आणि जरा थांबून, जणू कुणी 'आहे' म्हटले असावे तसे, ती म्हणाली, "मग तुलाही वाजत असेल थंडी. ऊठ. दोघं चालू."

मी पुष्कळ माणसांना देवाकडे काही ना काही मागताना ऐकले आहे. देवाला थंडी वाजत असेल, ही काळजी मी पहिल्यांदाच ऐकली. नंतर तिने बायकांना सांगितले की तिचा प्रभू माणूस होऊन माणसांत राहिलेला, उपाशी राहिलेला, मार खाल्लेला, एकटा पडलेला. तेव्हा तो बाहेर उबेत बसून आपल्याला बघत असेल हे तिला पटेना. तो आतच असणार. आणि आत असेल तर त्याला असे बसवून कसे ठेवायचे? पाहुण्यासाठी उठावे तशी ती उठली. स्वतःसाठी ती उठली नसती, हे मी खात्रीने सांगतो.

एका हाताने पेट्या चाचपत ती रांगेच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. एका नावाला एक फेरी. मुलाच्या नावाची फेरी झाली. सुनेच्या नावाला दोन फेऱ्या लागल्या. "ती वाईट नाही बापा. तिलाही पत्राची वाट आहे, ती बोलून दाखवत नाही एवढंच." मौनीचे नाव झाले, शेजाऱ्यांची झाली. मालकांच्या नावाला ती अर्ध्यातूनच वळली. दोन पावले आली, थांबली, काहीतरी पुटपुटली, आणि परत जाऊन उरलेली अर्धी फेरी पूर्ण करून आली. मधूनच रविवारच्या गाण्याची ओळ म्हणायची. सूर केव्हाच पळाला होता, पण ती ताल सोडत नव्हती, कारण पाय तालावर चालले होते.

यादी संपली. तिने मुकादमाला घेतले, ट्रक चालवणाऱ्याला घेतले, पत्र न आणणाऱ्या पोस्टमनला घेतले. मग नावे आठवेनात. ती माझ्याशी येऊन टेकली, माझ्या गार पत्र्यावर कपाळ ठेवले आणि म्हणाली, "आणि ह्या दारालाही काहीतरी सुचू दे."

मित्रांनो, मी एरवी भावनाप्रधान नाही. पण ज्याला तेल मागूनही मिळत नाही, त्याच्यासाठी कुणी प्रार्थना करते तेव्हा काय वाटते, ते सांगता येत नाही. मला काही सुचले नाही. दरवाजाला काय सुचणार? मी नुसता तिला टेकू दिला.

इकडे बाहेर काय चालले होते, ते ऐका.

पाच वाजता मंडळी सरावाला आली तर चर्चला कुलूप. दहा मिनिटांनी कुरकुर सुरू झाली. साडेपाचला पाळक स्वतः मावशीच्या घरी गेले. सून मशीनवर होती. ऐकल्यावर तिने सुई कापडातच सोडली आणि चपला घातल्या. पावणेसहाला गेटवर पाळक, सून, तीन गाणारी माणसे आणि बाके हलवायला येणारा मौनी, एवढे लोक उभे होते. गेटच्या खोलीत राहणारा मुकादम अर्धी दाढी करून बाहेर आला. उरलेल्या अर्ध्यावर साबण तसाच.

तो त्यांना माझ्यापर्यंत घेऊन आला आणि भिंतीकडे हात केला. चौदा खुंट्या, चौदा कोट. सगळ्यांसमोर पुन्हा बोट लावून मोजले. नऊ नंबरचा कोट काढून, झटकून दाखवला. माणूस आत असता तर कोट बाहेर असता का, असे त्याचे म्हणणे. पाळकांनी माझ्यावर कान टेकवला. मी जीव एकवटून काहीतरी पलीकडे पोचवायचा प्रयत्न केला. पत्रेवाल्याचे काम पक्के होते. त्यांना काही ऐकू आले नाही.

पाळक हळूच म्हणाले, की मावशी जिथे असतील तिथे देवाच्या हातात आहेत.

सून म्हणाली, "देवाच्या हातात असतील तर बरंच आहे. पण आधी ह्यांच्या कुलपात आहेत का ते बघू."

मुकादमाने पट्टीवर बोट ठेवले. मालकांची सही. ते सोमवारी येणार. उगीच फाडली तर त्याची नोकरी. त्याने हे दरडावून सांगितले नाही. त्यालाही घरी माणसे होती.

"त्या जातात कुठे?" सून म्हणाली. "काम, चर्च आणि घर. तीनच जागा आहेत त्यांना. दोन आम्ही बघून आलो."

"कोट बाहेर आहे ना बाई."

"मला कोट नकोय. मला आई पाहिजेत."

मौनी मागे उभा होता. त्याचा चेहरा मला समोर दिसत होता. नऊचा कोट मुकादमाच्या हातात पाहिल्यापासून तो पांढरा पडला होता. त्या कोटाची गोष्ट तिथे त्याला एकट्यालाच माहीत होती. तोंड उघडले तर खोकला बाहेर, खोकला बाहेर आला की नोकरी बाहेर, आणि दुसऱ्याचा कोट घातल्याचा दंड वेगळा. तोंड मिटून ठेवले तर चौदा कोट खरे बोलत होते. मी एका बाईला कोंडून उभा होतो, पण मला कुणी बाहेरून उघडू शकत होते. ह्या माणसाचा खटका आतूनच होता.

मुकादम कोट परत खुंटीला लावू लागला. सगळे वळले. आणि मौनी पुढे आला.

"तो कोट मी घालतो," तो म्हणाला, आणि खोकला. वाकून, भिंत धरून खोकला. सगळे थांबले. त्याने श्वास घेतला. "चार महिने मीच घालतो. त्या बिनकोटाच्या जातात आत. प्रार्थनेला. शेवटच्या..." पुढचा शब्द खोकल्यात गेला.

मुकादमाने सहा नंबरचा कोट उलटा केला. पाठीतला कापूस त्याच्या हातावर सांडला. सहीच्या पट्टीकडे त्याने पाहिले नाही. ती त्याने मधोमध फाडली, कुलूप काढले आणि माझा दांडा ओढला. मी खालच्या कोपऱ्यात थोडा अडतो, हे तुम्हाला सांगितले आहे. सुनेनेही दांड्याला हात घातला.

मावशी माझ्याशीच टेकून उभी होती, म्हणून मी उघडलो तशी ती बाहेर कोसळली, सरळ सुनेच्या अंगावर. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. सुनेने तिला खालीच मांडीवर घेतले, तिचे हात आपल्या पोलक्यात घातले आणि बोलायला लागली. अक्कल आहे का, वय काय, देवाला घरात भेटायला काय होतं, मशीन बंद ठेवते मी उद्यापासून, रोज दहा मिनिटं, ऐकू येतंय का. बोलता बोलता रडत होती, पण बोलणे काही थांबवत नव्हती. मौनीने दोन्ही कोट आणून मावशीवर टाकले आणि बाजूला होऊन खोकत बसला.

बऱ्याच वेळाने मावशीने डोळे उघडले. पहिल्यांदा तिला मौनी दिसला, त्याच्याशेजारी मुकादम दिसला.

"अरे," ती पुटपुटली, "तुझा खोकला ऐकला की सगळ्यांनी."

नंतरचे थोडक्यात सांगतो. मावशी आठवडाभर दवाखान्यात होती. डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून नीट संवेदना नाही. ती म्हणते, सफरचंदाला आठ पुरतात. माझा खटका दोन दिवसांत बसला. थोरल्या भावाने सही केली, आणि ती करायला तो स्वतः आला, त्यामुळे दोघा भावांचे चार शब्द बोलणेही झाले. फाडलेली पट्टी मालकांनी मुकादमाला माफ केली, मौनीला मात्र सोमवारी आल्या आल्या घरी बसवले. दीड महिना तो घरीच होता. मंडळींपैकी कुणी औषध नेऊन दिले, कुणी दोन वेळचे जेवण. आता तो गेटबाहेर उन्हात पेट्या उतरवतो आणि लागेल तितके खोकतो. बोलतोही. असे कळले की तो मुळीच विचारी नाही, नुसता बडबड्या आहे. मुलाचे पत्र अजून आलेले नाही. सून मात्र हल्ली दहा मिनिटे मशीन बंद ठेवते आणि समोर बसते. प्रार्थना करत नाही, म्हणते. नुसती बसते.

आता दरवाजाच्या तोंडी उपदेश शोभत नाही, पण वयाचा मान म्हणून एक विनंती ऐका. माझ्यासारख्यांची काळजी घ्या, वर्षातून चारदा तेल घाला, मोडलेला खटका सहीसाठी ठेवू नका. हे झाले माझ्यापुरते. तुमच्यापुरते एवढेच, की दार लावण्याआधी नुसते मोजू नका, आत हाक मारा. आणि तुम्ही स्वतः कधी आत सापडलात, बाहेर कुणालाही पत्ता नसला, तर बसू नका. तुमच्याबरोबर आणखी कुणीतरी गारठते आहे असे समजा, आणि उठा. मी हे एका बाईला करताना पाहिले आहे, म्हणून सांगतो.

नवा खटका आला, तरी मावशी संध्याकाळी घरी प्रार्थना करून शिवाय माझ्या आतही येते. जुनी जागा सुटत नाही. परवा सुट्टीची घंटा झाली. मुकादमाने कोट मोजले. मग मला उघडले, डोके आत घातले आणि विचारले, "मावशी, झालं का?"

"दोन नावं राहिलीत," आतून आवाज आला.

"आटपा लवकर, थंडी जाते," मुकादम म्हणाला. आणि दोन्ही हातांनी मला उघडा धरून तो तिथेच उभा राहिला.